खुजंदचा भात आणि सोलोचा एक गोल

मुआरा,
शुक्रवार, दुपारची नमाज झाल्यावर

आदरणीय पार्तोनोदादांस,

धाकट्या बहिणीचा, विनार्सिहचा, आदरपूर्वक सलाम. अल्लाच्या कृपेने तुम्ही, वहिनी आणि बालिकपापानची सगळी मंडळी खुशाल असाल. तुमच्या उजव्या गुडघ्याची चौकशी मी मुद्दाम वेगळी करते, कारण वहिनी म्हणाल्या की तुम्ही अजून बोटींच्या इंजिनाखाली उताणे झोपून काम करता आणि मग उठवायला दोन माणसं लागतात. एकसष्टाव्या वर्षी माणसाने इंजिनाच्या शेजारी बसावं, खाली झोपू नये. माझी तब्येत ठीक आहे. झोप तेवढी येत नाही, आणि एका जागी बसवत नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून मागे वाळत घातलेल्या जर्सी उलट्या करून आले. त्या सकाळीच वाळल्या होत्या.

पत्र का, फोन का नाही, असं तुम्ही विचाराल. कारण फोनवर 'क्लब' हा शब्द कानावर पडला की तुम्ही 'जरा हिच्याशी बोल' म्हणून फोन वहिनींच्या हातात देता. पत्रही द्याल, पण वहिनी चष्म्याशिवाय वाचत नाहीत आणि चष्मा कुठे ठेवलाय ते त्यांना कधीच सापडत नाही. तेव्हा हे तुम्हालाच वाचावं लागणार आहे. यात फुटबॉल आहे, आधीच सांगते. मध्येच सोडू नका.

तर आपल्या 'पुत्रा मुआरा'ने गेल्या वर्षी देशाचा चषक जिंकला, हे तुमच्या कानावर गेलंच असेल, तुम्ही कितीही कान झाकले तरी. जिंकला म्हणजे काय, अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर समोरच्यांचे दोन गडी चेंडू गोलखांबावरून थेट प्रेक्षकांत मारून बसले. आपला गोलकीपर वाह्योनो (वय छत्तीस, तीन मुली, फावल्या वेळात मासे खारवण्याचा धंदा) मला म्हणाला, "बाई, मी नुसता उभा होतो, देवाशप्पथ." पण चषक तो चषक. आणि त्यामुळे एकतीस वर्षांनी आपला क्लब पुन्हा आशियातल्या स्पर्धेत गेला. एकतीस वर्षांपूर्वी कोण गोलात होतं हे मी लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, गावाला माहीत आहे.

(गाव विसरलंय असं खोटं मी लिहिणार नाही. मासळी बाजारात कुणाच्या हातून टोपली निसटली की अजून 'पार्तोनो' असं ओरडतात. पण परवा मी तिथल्या एका पोरीला विचारलं, पार्तोनो कोण गं? ती म्हणाली, कोण म्हणजे काय, हातून निसटण्याला म्हणतात ना तसं. तिला ते माणसाचं नाव आहे हेच ठाऊक नाही. हे ऐकून हसावं की रडावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हीच ठरवा.)

आता आधी तपासनीसाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आशियातला सामना आपल्या मैदानावर घ्यायचा तर मोठ्या मंडळाचा माणूस येऊन मैदान बघून जातो. तुम्ही गाव सोडलंत तेव्हा समुद्र बंधाऱ्यापाशी होता. आता भरतीचं पाणी महिन्यातून चारपाच वेळा गल्लीत येतं आणि मैदानाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात तर मुक्कामालाच असतं. आम्ही तपासनीसाला ओहोटीची वेळ दिली होती. तो विमान चुकल्यामुळे भरतीला आला. कोपऱ्यातल्या निशाणापाशी गेला, खाली वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. तिथे बोटभर लांबीचे सातआठ मासे फिरत होते. आपले अध्यक्ष म्हणाले, "हे आजच आलेत, साहेब." त्याने माशांचा फोटो काढला, चहा घेतला, मैदानाची फार स्तुती केली आणि आपला घरचा सामना सोलो शहरात हलवून निघून गेला. घरचा सामना, आणि घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. असो.

आता मास्तूर सरांविषयी लिहायला हवं. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, तुम्ही गेल्यानंतर ते बदली होऊन इथे आले. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचे, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी सुराबायाला असते. (हे सगळं क्लबच्या कागदांवर लिहिलेलं आहे, म्हणून मला माहीत.) त्यांच्याकडे एक वही आहे. आपल्या देशातले क्लब आशियाभर जिथे जिथे खेळायला गेले, त्या प्रत्येक सामन्याची तीत नोंद आहे, आणि नोंद म्हणजे नुसते गोल नव्हेत. त्या दिवशी थंडी किती होती, प्रवासाला किती तास लागले, आदल्या दिवशी पोरं काय जेवली, सगळं. पालेम्बांगचा एक संघ पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या मोसमात आशियात तिसरा आला होता, ते पान सर हात धुऊन उघडतात. पापुआची पोरं पुढे एकदा उपांत्य फेरीपर्यंत पोचली होती, ते पानही उघडतात, पण त्या उपांत्य सामन्यांचे आकडे अंगठ्याखाली झाकून. बाकीच्या पानांबद्दल मी विचारलं तर म्हणाले, "विनार्सिह, भूगोलाच्या माणसाला वाळवंटाचाही अभ्यास करावा लागतो."

इतक्या वर्षांच्या नोंदींवरून सरांनी एक सिद्धांत काढला होता. आपली पोरं पायांनी हरत नाहीत, पोटाने हरतात. परदेशात तिसऱ्या दिवशीही भात आणि तिखट मिळालं नाही की सरासरी दोन गोल जास्त बसतात. त्यांनी हे अध्यक्षांना रेषा काढून दाखवलं. अध्यक्षांनी लगेच मला बोलावलं. क्लबच्या जर्सी, बूट, मोजे धुण्या-बांधण्याचं काम एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे, तेव्हा सामान म्हटलं की मीच. आमचा पहिला सामना ताजिकिस्तानात, खुजंद गावी होता. मास्तूर सर दुभाषे म्हणून येणार, कारण त्यांना अरबी येतं. (तिकडे अरबी बोलत नाहीत, हे भूगोलाच्या शिक्षकाला माहीत असायला हवं होतं. सर म्हणतात, माहीत होतं, पण यायची दुसरी सबब नव्हती. हे ते आत्ता म्हणतात.) मी चाळीस किलो तांदूळ, वाळवलेले मासे, मिरचीच्या बाटल्या आणि तीन किलो तेरासी घेतली. कोळंबी आंबवून केलेल्या त्या काळ्या वड्यांचा वास तुम्हाला सांगायला नको, तुमच्या घरी रोज भाजली जात असेल. वजन वाचवायला तेरासी मी जर्सीच्या पोत्यात घातली. इथे माझी चूक झाली, मी कबूल करते. उठते, जरा पाणी पिऊन येते.

आले. तर दोन विमानं बदलून आम्ही खुजंदला उतरलो. बाहेर बर्फ. वाह्योनोने आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिलं आणि सवयीने बोट लावून चाखलं, खारट आहे का बघायला. आत तपासणीच्या टेबलावर आमचं पोतं उघडलं आणि कुत्रं घेऊन उभा असलेला शिपाई दोन पावलं मागे गेला. कुत्रं पुढे आलं. विमानात एक वडी फुटली होती आणि बावीस जर्सींतून झिरपली होती. अधिकारी (भला माणूस, मिशा भरघोस) एक वडी चिमट्यात धरून काहीतरी विचारू लागला. मास्तूर सर पुढे झाले, छाती भरून सलाम केला आणि अरबीत बोलायला लागले. अधिकाऱ्याने फार आदराने सलामाचं उत्तर दिलं, डोळे मिटून ऐकून घेतलं, शेवटी 'आमीन' म्हणाला आणि पुन्हा तोच प्रश्न रशियनमध्ये विचारला. सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मला वाटतं त्याला ही दुवा वाटली." मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात तरी काय?" तर म्हणाले, "मी कोळंबी म्हणालो, निदान तसा माझा समज आहे."

शेवटी वाह्योनोने वडीचा तुकडा मोडून स्वतः खाल्ला. कच्चा. आणि हसून दाखवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं पण हसला. अधिकाऱ्याने आमच्या सगळ्याच गड्यांकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि सगळं सोडून दिलं. तांदूळसुद्धा.

त्या तांदळाचं काय झालं ते ऐका. हॉटेलात पोचलो तर जेवणाला परातभर भात. गाजर, मटण, चणे घातलेला, तुपा-तेलाने चमकणारा, एकेका पोरापुढे डोंगर. आमच्या पोरांनी आधी घाबरत घास घेतला आणि मग मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भात, दुपारी भात, सामन्याच्या दिवशीही भात, आणि वाढणाऱ्या बायका अशा मायेच्या की नको म्हटलं तर दुखावायच्या. सर कोपऱ्यात वही उघडून बसलेले. मी विचारलं, "काय लिहिताय?" म्हणाले, "काही नाही. सिद्धांत खोडतोय."

मला मात्र जेवायलाही सवड नव्हती. बावीस जर्सी मी न्हाणीघरात तीनदा धुतल्या. वास अर्धा गेला. सज्ज्यात वाळत घातल्या आणि तासाभराने बघते तर त्या वाळल्या नव्हत्या, थिजल्या होत्या. खारवलेल्या सुरमईसारख्या एकेक ताठ. बाही वाकवायला गेले तर कडकन आवाज झाला. सामना दुसऱ्या दिवशी. मी तिथेच खाली बसले. दादा, एकोणीस वर्षांत कुणी जर्सीविना मैदानात गेलेला नाही, आणि आता आख्ख्या आशियासमोर माझ्यामुळे जाणार. मास्तूर सर कुठूनसे दोन इस्त्र्या घेऊन आले आणि एक माझ्या हातात देऊन समोर बसले. जेवणापर्यंत आम्ही दोघं इस्त्री करत होतो. त्यांना इस्त्री येत नाही. कॉलरची पार वाट लावतात. पण माणूस थांबत नाही.

त्या वेळी त्यांनी मला तुमचं पान दाखवलं.

पत्र खाली ठेवू नका, दादा, वाचा. तुमच्या त्या सामन्याच्या पानावर बसलेल्या गोलांचा आठ हा आकडा आहे. पण त्याच्या पुढे दुसरा रकाना आहे. सर इथे आल्यापासून त्या संघातल्या सापडेल त्या प्रत्येकाला भेटले, एकेकट्याला, एकमेकांचं ऐकू न देता. सात जण भेटले, त्यातले तीन आता नाहीत. प्रत्येकाला त्यांनी एकच विचारलं, पार्तोनोने किती अडवले? कुणी वीस म्हणालं, कुणी सव्वीस. दोघंतिघं तर पावसातल्या एकेका झेपेचं वर्णन करायला लागले. सरांनी सगळं ताडून तेवीस लिहिलंय. सगळ्या वहीत एवढा मोठा आकडा त्या रकान्यात दुसरा नाही. मी म्हटलं, "सर, हे तुम्ही त्यांना कळवलं का नाही?" तर इस्त्री उचलून म्हणाले, "त्यांनी मला विचारलं नाही. आणि पत्ता तुमच्याकडे होता." मग बाहीकडे बघत बसले. इस्त्री बाहीवरच होती हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. सहा नंबरच्या जर्सीला अजून तो डाग आहे.

सामना आपण तीन-एक हरलो. मध्यंतरापर्यंतच तीन बसले होते, पोरांना भातामुळे वळताच येत नव्हतं. उत्तरार्धात भात उतरला आणि आपल्या सहा नंबरने कोपऱ्यातून आलेला चेंडू डोक्याने आत घातला. (वासामुळे त्यांचे गडी लांब उभे राहत होते असं वाह्योनो म्हणतो. मी ते मान्य करणार नाही.) परक्या मैदानावर आशियात आपल्या क्लबचा तो पहिला गोल. खेळणारी पोरं सोडली तर आम्ही तिथे गावचे एकंदर पाच जण होतो. पाच जणांनी ओरडून ओरडून किती ओरडायचं?

मग नऊ दिवसांनी सोलो. मुआराहून चौतीस बस, ट्रक किती ते मोजलेच नाहीत, आणि आगगाडीत बाकांखालीसुद्धा माणसं. दोन्ही सामन्यांचे गोल मिळून धरतात, तेव्हा नुसती बरोबरी साधून पेनल्टीपर्यंत न्यायलाच दोन गोलांनी जिंकायचं होतं. अठराव्या मिनिटाला एक झाला. स्टेडियम हललं. आणि मग, दादा, दुसरा होईचना. एक गोलखांबाला लागला, एक त्यांच्या गोलकीपरच्या गुडघ्याला. मी राखीव गड्यांच्या मागे उभी होते, म्हणजे उभी नव्हते, येरझारा घालत होते, एकाच वेळी तीन पाण्याच्या बाटल्या उघडून ठेवल्या होत्या. साठाव्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली. वाह्योनोने आमच्या बाजूला एकदा बघितलं, मग उजवीकडे गेला आणि चेंडू छातीशी धरून तसाच गवतावर पडून राहिला, उठेचना. मला वाटलं जायबंदी झाला. नंतर म्हणाला, "नाही बाई, जरा धरून ठेवावासा वाटला."

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला, ज्या वेळी कुणीही शहाणा माणूस मैदानाकडे बघत असतो, त्या वेळी मास्तूर सरांनी वही मिटली आणि मला म्हणाले, "विनार्सिह, माझ्यानंतर ही वही कोण सांभाळेल?" मला राग आला. आपला हल्ला चालला होता. मी मैदानावरून नजर न काढता म्हटलं, "वाचनालयात द्या." शिट्टी वाजली, आपण एक-शून्य जिंकलो आणि तीन-दोनने स्पर्धेबाहेर गेलो, लोक रडत होते आणि गाणी म्हणत होते, दोन्ही एकदम. मी वळून बघते तर सरांच्या वहीत चौऱ्याऐंशी ते नव्वद मिनिटांची जागा कोरी. तीसेक वर्षांत त्यांनी एक मिनिट सोडलं नव्हतं. मला काही कळेना. परतीच्या बसमध्ये ओल्या जर्सींचं पोतं आमच्या दोघांच्या मध्ये होतं आणि अर्ध्या वाटेपर्यंत ते पोत्याशीच बसल्यासारखे बसले होते.

असा सगळा प्रकार झाला. आशियातल्या स्पर्धेत आपण खेळलो दोन, जिंकलो एक, बाहेर. यात हसण्यासारखं किती आणि दुसरं किती ते तुम्ही ठरवा, तुम्ही त्यातले जाणकार. क्लबचं काम तूर्त संपलंय, तरी मी सकाळपासून कारण नसताना चार वेळा गोदामाचं कुलूप उघडून बंद केलं. वहिनींना सलाम, लेकरांना आशीर्वाद. गुडघ्याला गरम तेल लावत जा. तुमच्या उत्तराची वाट पाहते आहे, नेहमीपेक्षा जरा जास्त.

तुमची धाकटी बहीण,
विनार्सिह

ता. क. वहिनींना सांगा, तिकडचे खारवलेले खेकडे कुणी येणारं असेल तर पाठवा. पत्र खरं त्यासाठीच लिहिलं होतं.

ता. क. खेकड्यांसाठी लिहिलं नव्हतं. बस बातांगला थांबली तेव्हा मास्तूर सरांनी पोतं उचलून मागच्या बाकावर ठेवलं आणि मधल्या रिकाम्या जागेवर सरकून पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी वहीचं नाव न घेता. मी शेहेचाळीस वर्षांची आहे, दादा. मी म्हटलं, मला इस्त्री केलेली कॉलर लागते. ते म्हणाले, शिकतो. निकाह ईदनंतरच्या दुसऱ्या रविवारी ठरवला आहे. अब्बा नाहीत, तेव्हा निकाहाला माझ्या बाजूने परवानगी देणारे वली तुम्ही. तिकडून येणारं जहाज सेमारांगला गुरुवारी लागतं. अब्बा गेले तेव्हा तुम्ही मागच्या गल्लीने आलात आणि मागच्या गल्लीनेच गेलात, मी काही बोलले नाही. या वेळी मासळी बाजारावरून या. कुणाच्या हातून टोपली निसटली आणि कुणी ओरडलं, तर वळून 'ओ' द्या.

ता. क. निकाह लावणारे काझीसाहेब म्हणाले की भाऊ लांब असला तर त्याने यायलाच हवं असं नाही, छापील अर्जावर सही करून परवानगी पाठवली तरी चालतं, आणि त्यांनी मला तसा एक अर्जही दिला. तो अर्ज मी या पाकिटात घातलेला नाही.